लव्हाळ्याचें मुद्दल

भाजीपाल्याच्या मळ्यांत खुरपणीस माणूस मिळत नाहीं व मिळालें तर मजुरी परवडत नाहीं, ही तक्रार आज महाराष्ट्राच्या बहुतेक बागाईत गांवांत ऐकूं येते. तक्रार खोटी नाहीं. परंतु ती करणारांचें बोलणें बहुधा मजुरीच्या दरापासून सुरू होतें आणि तेथेंच संपतें. ती मजुरी देऊन आपण विकत काय घेतों, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. ज्या मळ्यांत लव्हाळा, हरळी किंवा कुंदा यांनीं ठाण मांडलें आहे, तेथें उभ्या पिकांत केलेल्या खुरपणीची मजुरी ही सावकाराच्या व्याजासारखी आहे. ती दरसाल द्यावी लागते, आणि पीक हातीं यावें म्हणून ती दिल्यावांचून गत्यंतरहि नसतें. पण तिनें मुद्दलांतील एक पैहि फिटत नाहीं. मुद्दल जमिनीखालीं आहे. तें फेडावयाचें तर त्यासाठीं निराळी वेळ, निराळी रीत आणि निराळा हिशेब पाहिजे.

तणें म्हणून आपण ज्यांस एकाच नांवानें ओळखतों, त्यांचे दोन अगदीं भिन्न वर्ग आहेत, आणि हा भेद लक्षांत न घेतल्यामुळें पुष्कळ श्रम वायां जातात. घोळ, काटेमाठ, गाजरगवत हीं एका हंगामाचीं तणें होत. त्यांचा सारा वंश बियांवर चालतो. फुलण्यापूर्वीं असें झाड उपटलें कीं तें संपलें. मागें उरतें तें पूर्वीच्या वर्षांत जमिनींत पडलेलें बीं. अशा तणांना खुरपें हें पुरेसें औषध आहे. दुसरा वर्ग बहुवर्षायु तणांचा. त्यांस बियांची फारशी गरजच नसते. त्यांचें खरें शरीर जमिनीच्या पोटांत असतें. वर दिसणारें पान म्हणजे त्या घराचें केवळ धुराडें होय. धुराडें पाडल्यानें घर पडत नाहीं.

लव्हाळ्याचें नांव निघालें कीं आपणांस तुकोबांच्या अभंगाची आठवण होते. पुरापुढें वांकून तगणारा लव्हाळा हा नम्रतेचा आदर्श म्हणून आपण लहानपणापासून ऐकत आलों. मळेकऱ्यानें मात्र या नम्रतेचा दुसरा अर्थहि ध्यानांत ठेवावा. वरचें पातें सहज वांकतें व सहज तुटतें, कारण त्याच्या तुटण्यानें खालच्या धन्याचें कांहींच बिघडत नाहीं.

हा खालचा धनी कोण, तें नीट पाहूं. लव्हाळ्याच्या बुडापासून बारीक दोऱ्यासारख्या आडव्या काशा मातींत पसरतात. त्यांवर ठराविक अंतरावर कंद धरतात. आरंभीं ते पांढरे व रसाळ असतात. पुढें तपकिरी, काळपट व टणक होतात. वैद्यलोक ज्यास मुस्ता म्हणतात तो हाच सुवासिक कंद. एकेका कंदावर अनेक डोळे असतात. एक कोंब मारला तर दुसरा डोळा जागा होतो, दुसरा मारला तर तिसरा. बहुतेक कंद वीतभर खोलीच्या आंत सांपडतात, परंतु कांहीं हातभर खोलहि असतात. लेरॉय होल्म व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं जगांतील सर्वांत उपद्रवी तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत लव्हाळ्यास पहिलें स्थान व हरळीस दुसरें स्थान दिलेलें आहे. आपल्या वाफ्यांत बसलेला शत्रु कोणत्या योग्यतेचा आहे, हें यावरून कळेल. त्याला कमी लेखण्यांत अर्थ नाहीं व त्याला भिऊन स्वस्थ बसण्यांतहि नाहीं.

लव्हाळ्याचे कंद एकमेकांशीं साखळीनें जोडलेले असतात. साखळी अखंड असेपर्यंत टोंकाचा कंद फुटतो आणि मागचे बहुतेक झोपून राहतात. साखळी तुटली कीं हा दाब नाहींसा होतो. एकत्र कुटुंब विभक्त झाल्यावर प्रत्येक भाऊ जशी आपली चूल निराळी मांडतो, त्याप्रमाणें प्रत्येक कंद स्वतंत्र होऊन फुटूं लागतो. ओल असतां मळा नांगरला, किंवा घाईघाईनें त्यांत रोटाव्हेटर फिरविला, म्हणजे नेमकें हेंच घडतें. जमीन त्या दिवशीं भुसभुशीत व स्वच्छ दिसते. पंधरवड्यानें पूर्वी जेथें दहा पातीं होतीं तेथें पन्नास दिसूं लागतात. हरळीची गोष्ट याहूनहि उघड आहे. तिच्या काशीच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. रोटाव्हेटरनें काशीचे तुकडे तुकडे करून ते ओल्या मातींत सारखे पसरणें, यास लागवड म्हणावें कीं मशागत, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. यंत्र वाईट नाहीं. परंतु बहुवर्षायु तणांच्या मळ्यांत, ओलीवर, तें लावूं नये.

आतां शत्रूचीं मर्मस्थानें कोणतीं तें सांगतों. तीं तीन आहेत : वेळ, ऊन व सांवली.

पहिलें मर्म वेळेचें. कंद फुटून पातें वर येतें तेव्हां तें कंदांतील सांठ्यावर वाढतें. आरंभींचे सुमारें तीन आठवडे हा खर्चाचा काळ. त्यानंतर पानांची कमाई खालीं जाऊं लागते व नवे कंद धरण्यास प्रारंभ होतो. हा जमेचा काळ. म्हणजे तीन आठवड्यांच्या आंत पातें छाटलें तर कंदाचा सांठा घटला. त्यानंतर छाटलें तर सांठा भरून नवे कंदहि झालेले असतात. आमच्या मळ्यांतून दोन खुरपण्यांमध्यें साधारणतः महिना-सवामहिना जातो, कारण बायका मिळतील तेव्हां खुरपणी होते. त्यामुळें खुरपणी कितीहि स्वच्छ झाली तरी प्रत्येक वेळीं ती लव्हाळ्याची कमाई पदरांत पडल्यावरच होत असते. दोष खुरपणाऱ्या हातांचा नाहीं, पंचांगाचा आहे. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत झालेल्या व १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तीन आठवड्यांहून अधिक अंतर न पडूं देतां दोन हंगाम सतत मशागत केल्यानें लव्हाळ्याचें निर्मूलन होऊं शकतें असें दिसून आलें. ही गोष्ट कृषिशास्त्रास इतक्या दिवसांपासून माहीत आहे. आमच्या कामाच्या वेळापत्रकांत मात्र ती अद्याप उतरलेली नाहीं.

दुसरें मर्म उन्हाचें. मातींतून निघून उघड्यावर पडलेला कंद वैशाखाच्या उन्हांत वाळून मरतो. पण तो उघड्यावर पडला पाहिजे. ओल्या ढेकळाच्या आंत दडलेला कंद सुखरूप राहतो. तिसरें मर्म सांवलीचें. लव्हाळा व हरळी हीं दोन्ही उन्हाचीं भोक्ती आहेत. दाट सांवलींत तीं खंगतात व त्यांचा सांठा वाढत नाहीं. म्हणूनच कांदा व लसूण यांच्या वाफ्यांत लव्हाळा राजासारखा नांदतो, आणि दाट पसरलेल्या रताळ्याच्या वेलाखालीं त्याचा जोर ओसरतो.

या तीन मर्मांवर एकामागून एक घाव कसे घालावेत, याचा आमच्या मतें योग्य असा क्रम पुढीलप्रमाणें आहे. तो देशावरील, मोजक्या पावसाच्या भागासाठीं आहे. कोंकणांतील संततधारेंत उघड्या जमिनीची मशागत साधत नाहीं, तेथें सांवलीचा उपाय मुख्य धरावा. सगळा मळा एकाच वर्षीं हातीं घेऊं नये. त्याचे चार भाग पाडून दरसाल एक भाग घ्यावा, म्हणजे उरलेल्या तीन भागांवर प्रपंच चालतो.

पहिलें काम फाल्गुन-चैत्रांतलें. रब्बीचें माळवें निघतांच त्या भागाचें पाणी बंद करावें व जमीन चांगली वाळूं द्यावी. जमीन कोरडी झाल्यावरच एकदां खोल नांगरावें व ढेकळें जशीं पडतील तशीं उन्हांत राहूं द्यावीं. दहा-पंधरा दिवसांनीं तीं फोडून उलथींपालथीं करावीं, आणि सुटलेल्या काशा व कंद दाताळ्यानें ओढून वेंचून बांधाबाहेर काढावे. हें काम अक्षय्यतृतीयेपर्यंत दोनदां व्हावें. वेंचलेला माल पूर्ण वाळल्यावांचून उकिरड्यांत टाकूं नये. नाहीं तर खताबरोबर तो पुन्हां घरीं येतो.

दुसरें काम मृगाच्या पावसानंतरचें. जे कंद उन्हांतून वांचले ते आतां फुटतील. त्यांस फुटूं द्यावें, पण पीक लावण्याचा मोह आवरावा. पातीं दिसूं लागल्यापासून पंधरा ते अठरा दिवसांनीं, वाफसा पाहून, उथळ वखर द्यावा. पुन्हां फुटलें कीं पुन्हां त्याच मुदतींत. अशा तीन पाळ्या द्याव्या. पावसानें वाफसा मिळाला नाहीं तर विळ्यानें पातीं छाटून घ्यावीं. वखराइतका गुण येणार नाहीं, पण मुदत चुकूं द्यावयाची नाहीं. हा सर्व खटाटोप मुदतीचा आहे. दोन पाळ्या वेळेवर देऊन तिसरी चुकविली, तर कंद पुन्हां जमेच्या बाजूस जातात.

तिसरें काम सांवलीचें. तिसऱ्या पाळीवर ताग दाट पेरावा. नेहमींपेक्षां बीं सढळ हातानें टाकावें, कारण येथें सांवलीच विकत घ्यावयाची आहे. दीड-पावणेदोन महिन्यांनीं, फुलावर येतांना, तो गाडावा. जमिनीस हिरवळीचें खत मिळालें तें वर. पुढें रब्बींत त्या भागांत कांदा-लसूण लावूं नये. कोबी, वांगीं, चवळी अशीं झांकण घालणारीं पिकें घ्यावीं, आणि आठवड्यांतून एकदां फेरा करून चुकार पातीं कंदासकट खणून काढावीं. या पिकांत पाणी पाटानें सर्वत्र न पसरतां ठिबकनें ओळींतच दिलें, तर मधली जमीन कोरडी राहून काम हलकें होतें. इतकें केल्यावरहि एका वर्षांत लव्हाळा निर्मूळ होईल, असें वचन आम्ही देत नाहीं. दुसऱ्या वर्षीं निदान चैत्राचें व मृगाचें काम त्याच भागांत पुन्हां करावें लागेल. परंतु या दोन वर्षांत मुद्दल घटत जातें, एवढा फरक महत्त्वाचा आहे.

हरळीस हाच क्रम लागू आहे, व ती लव्हाळ्यापेक्षां लवकर हार खाते, कारण तिच्या बहुतेक काशा उथळ असतात व दाताळ्यास लागतात. मात्र एक गोष्ट विसरूं नये. मळ्यांतील हरळी ही शत्रु असली तरी बांधावरील हरळी माती धरून ठेवते; तीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीस वाहतों. बांध खरवडून काढणें हा आततायीपणा होय. बांध व मळा यांमध्यें हातभर खोल चर खणावा, त्यांत उतरणाऱ्या काशा महिन्यांतून एकदां तोडाव्यात, म्हणजे दोघांचा शेजार निर्वैर राहतो. कुंदा हा काळ्या भारी जमिनींतला. त्याच्या काशा जाड व हातभर किंवा त्याहूनहि खोल. शेंकडों एकरांवर तो मारणें हें मोठें काम आहे, पण भाजीचा मळा लहान असतो. तेथें उन्हाळ्यांत टिकावानें खणून, काशीचा माग शेवटपर्यंत काढून ती उचलणें शक्य असतें, आणि तेंच करावें.

आतां कागदाचा व औषधांचा विचार. पिकावर अंथरण्याचा पातळ काळा पॉलिथीन कागद घोळ-माठासारख्या तणांस उत्तम; पण लव्हाळ्याचा अणकुचीदार कोंब तो भोंसकून वर येतो, हें ज्यांनीं खर्च केला त्यांनीं पाहिलेंच आहे. जाड ताडपत्री त्यास भोंसकतां येत नाहीं, परंतु ती मोठ्या क्षेत्रास परवडत नाहीं. पारदर्शक कागदाची रीत निराळी. १९७६ सालीं इस्रायलांत काटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओलावलेल्या जमिनीवर असा कागद ताणून सूर्याच्या उष्णतेनें माती तापविण्याची पद्धति प्रसिद्ध केली. एप्रिल-मेमध्यें चार ते सहा आठवडे कागद ठेवल्यास वरच्या थरांतील रोगबीजें व पुष्कळसें तणांचें बीं मरतें. लव्हाळ्याचे खोल कंद मात्र यांतूनहि वांचतात. रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठीं ही पद्धति अवश्य वापरावी. सगळ्या मळ्याचा भार तिच्यावर टाकूं नये.

तणनाशकांविषयीं दोन टोंकाचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, फवारा मारला कीं झालें. दुसरा म्हणतो, त्याचें नांवच नको. ग्लायफोसेटसारखें औषध हिरव्या, जोमदार पानांतून आंत जाऊन रसाबरोबर कंदापर्यंत पोंचतें, हें खरें. परंतु जो कंद झोपलेला आहे, ज्याला पातेंच नाहीं, त्यास तें पोंचत नाहीं. म्हणजे एका फवाऱ्यानें येथेंहि मुद्दल फिटत नाहीं. शिवाय तें तण व पीक असा भेद जाणत नाहीं; वाऱ्यानें उडालेला तुषार शेजारच्या वांग्यांस पुरेसा होतो. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यास माणसांत कर्करोग होण्याचा संभव असलेल्या द्रव्यांच्या वर्गांत घातलें. इतर कांहीं देशांच्या नियामक संस्थांनीं याहून वेगळें मत दिलें. आपल्या केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें अधिसूचना काढून त्याचा वापर कीड-नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा असा निर्बंध घातला. उंसांतील लव्हाळ्यासाठीं वापरलीं जाणारीं कांहीं निवडक औषधेंहि बाजारांत आहेत. पण एका पिकास मानवतें तें दुसऱ्यास मारतें, आणि मागील औषधाचा अंश पुढच्या भाजीस भोंवूं शकतो. म्हणून आमचें मत असें कीं, औषध वापरावयाचेंच तर तें पडीक ठेवलेल्या भागांत, वेष्टणावरील सूचना अक्षरशः पाळून व कृषि-अधिकाऱ्याच्या सल्ल्यानें, मशागतीस पूरक म्हणून वापरावें. उभ्या भाजींत, दुकानदाराच्या तोंडी शिफारशीवर, कदापि वापरूं नये. जी भाजी उद्यां दुसऱ्याच्या ताटांत जावयाची, तिच्याबाबत एवढा विवेक मळेकऱ्यास शोभतो.

नव्या मळ्यांत हीं तणें येतात कोठून, याकडेहि पाहिलें पाहिजे. तलावांतील गाळ व परकी माती, अर्धकच्चें शेणखत, मातीसकट आणलेलीं रोपें, आणि एका शेतांतून दुसऱ्यांत तशींच जाणारीं भाड्याचीं औतें, हीं त्यांचीं वाहनें होत. औत मळ्यांत शिरण्यापूर्वीं त्याच्या दांत्यांत अडकलेल्या काशा बाहेर झाडून घेण्यास घटकाभर पुरते. ही घटका वांचविणारा पुढें कित्येक वर्षें व्याज भरतो.

आतां हिशेब. समजा, दहा गुंठ्यांच्या लव्हाळा-ग्रस्त मळ्यास एका खुरपणीस आठ बायका लागतात व हंगामांत चार खुरपण्या होतात. ही बत्तीस रोजांची मजुरी झाली. दोन हंगाम धरल्यास चौसष्ट रोज. वाचकांनीं आपल्या गांवचा दर घालून रक्कम काढावी, आणि मग तीस पांचांनीं गुणावें, कारण मुद्दल तसेंच असल्यानें पांच वर्षांत यांतील कांहींहि कमी व्हावयाचें नाहीं. दुसऱ्या बाजूस नांगरणी, वेंचणी, वखराच्या पाळ्या, तागाचें बीं आणि बुडालेलें एक खरिपाचें पीक हा खर्च मांडावा. कित्येक मळ्यांत हा दुसरा आंकडा पहिल्यापेक्षां कमी भरेल, असा आमचा अंदाज आहे. तो भरतो कीं नाहीं हें प्रत्येकानें आपल्या वहींत पाहावें. पण वही उघडल्यावांचून दरसाल मजुरीच्या नांवानें कपाळावर हात मारूं नये.

येथें एक जुना दाखला देण्यासारखा आहे. मध्य हिंदुस्थानांतील लाखों एकर काळी जमीन कांस नांवाच्या बहुवर्षायु गवतानें गिळली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनें ती मोडण्यासाठीं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, आणि १९४९ सालीं जागतिक बँकेनें भारतास शेतीयंत्रांसाठीं दिलेल्या एक कोटी डॉलरांच्या कर्जाचा मुख्य हेतु हीच कांसाची जमीन नांगरून काढणें हा होता. म्हणजे खोल मुळांचें तण काढणें हें भांडवली काम आहे, त्यासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज काढणें रास्त आहे, ही गोष्ट त्या वेळीं मान्य झाली होती. तोच न्याय दहा गुंठ्यांच्या मळ्यास कां लागूं नये ? आमच्या सहकारी सोसायट्या पीककर्ज देतात. तें खुरपणींत, म्हणजे व्याजांत, खर्च होतें. विहिरीस, जलवाहिनीस किंवा ठिबकास मध्यम मुदतीचें कर्ज मिळतें. मग मळा बहुवर्षायु तणांपासून मुक्त करण्याच्या दोन वर्षांच्या कामासहि तसेंच कर्ज मिळावें, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संघांनीं केली पाहिजे. विहीर ही जशी जमिनीची सुधारणा, तशीच ही.

परंतु कर्जानेंहि ज्याचा प्रश्न सुटत नाहीं असा एक वर्ग आहे. तो म्हणजे दुसऱ्याची जमीन सालाच्या बोलीनें खंडानें किंवा बटाईनें करणारा. पुढच्या पाडव्यास हा मळा आपल्याकडे राहील कीं नाहीं, हें ज्यास माहीत नाहीं, तो दोन वर्षांचें काम कां हातीं घेईल ? तो व्याज भरील व निघून जाईल. त्याच्यामागून येणारा तेंच करील. शेवटीं जमीन मालकाची खराब होते, आणि खंडहि उतरतो. कुळकायद्याच्या भीतीनें मालक दीर्घ मुदतीचा लेखी करार टाळतात, हें आम्ही जाणतों. तथापि ज्या भागाची सफाई चालली आहे त्या भागाचा त्या हंगामाचा खंड सोडून देणें, किंवा नांगरणीचा खर्च स्वतः उचलणें, यास कोणताहि कायदा आड येत नाहीं. मालकानें इतकें केलें तर तो उपकार नव्हे, स्वतःच्या मालमत्तेची दुरुस्ती होय.

या योजनेवर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, उन्हाळ्यांतच भाजीस भाव असतो, मग विहिरीस पाणी असतां मळा कोरडा कां ठेवावा ? उत्तर वर आलेंच आहे : चौथाई ठेवावा, सगळा नव्हे. दुसरा आक्षेप नांगरणीविरुद्ध आहे. तणें हेंच खत, जमीन मोडूं नये, असें सांगणारे प्रयोगशील शेतकरी आपल्याकडे आहेत, व हंगामी तणांपुरतें त्यांच्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. दाट उंसाच्या सांवलींत कदाचित् लव्हाळ्याकडेहि दुर्लक्ष करतां येईल. पण कांद्याच्या वाफ्यांत सांवली आणावी कोठून ? शिवाय आम्ही सांगतों ती नांगरणी एकदोन वर्षांपुरती आहे; मळा स्वच्छ झाल्यावर जमीन जितकी कमी मोडावी तितकें बरें. तिसरा आक्षेप सर्वांत अधिक ऐकूं येतो. वाडवडिलांपासून लव्हाळा आहे, तो कोणाच्यानें जाणार, असें लोक म्हणतात. खरें पाहतां हा युक्तिवादच नव्हे. ही संवय आहे, आणि कर्जाप्रमाणेंच ती वारशानें येते.

शेवटीं एका गोष्टीकडे मळेकरी बंधूंचें लक्ष वेधतों. आपल्या मळ्यांत लव्हाळा कोठें दाट आहे, कोणत्या पाटाच्या कडेनें तो पुढें सरकतो, कोणत्या वाफ्यांत तो गेल्या वर्षीं नव्हता, हें सर्वांत अचूक कोणास ठाऊक असतें ? दिवसभर उकिडवें बसून ओळीओळीनें खुरपणाऱ्या बायकांस. मजुरीच्या दराची चर्चा आपण त्यांच्याविषयीं करतों. मळ्याच्या नकाशाची चर्चा त्यांच्याबरोबर करीत नाहीं. चौथाईचा पहिला भाग कोणता घ्यावा, हें त्यांस विचारून ठरवावें. आठवड्याचा फेराहि त्यांच्यापैकीं एखादीकडे, चांगल्या मजुरीनें, कायमचा सोंपवावा. ज्या हातांनीं इतकीं वर्षें आपलें व्याज भरलें, त्यांच्याच डोळ्यांनीं मुद्दल लवकर सांपडेल.

सारांश, लव्हाळा हा शक्तीनें जात नाहीं व संतापानें तर मुळींच जात नाहीं. तो मुदत पाळणाऱ्यापुढें हरतो. येत्या चैत्रांत प्रत्येक मळेकऱ्यानें आपल्या मळ्याचा एक चतुर्थांश भाग कोरडा ठेवावा, मृगानंतरच्या तीन पाळ्यांच्या तारखा आजच भिंतीवरच्या पंचांगांत लिहून ठेवाव्यात, आणि दोन वर्षांनीं खुरपणीच्या वहीचीं पानें ताडून पाहावींत. ज्यांस गुण येईल त्यांनीं आपला अनुभव, आंकड्यांसह, या मासिकाकडे अवश्य पाठवावा. न आल्यास तोहि पाठवावा. दोहोंचा उपयोग सारखाच आहे.